पुंजाराममामांचे बिल्ले

माझे मामा पुंजाराम हे आमच्या वस्तीतले सर्वांत सरळ गृहस्थ होते. सरळ माणसाजवळ राहणं किती अवघड असतं, हे ज्याच्या घरात असं माणूस आहे त्यालाच कळेल. मामा गवंडी होते. ओळंबा सोडून भिंत तपासायची सवय अशी हाडीमाशी खिळली होती, की माणूस समोर उभा राहिला तरी तो कुठे कलला आहे तेच त्यांना आधी दिसायचं. त्यांनी बांधलेल्या विहिरी भोकरदन तालुक्यात अजून उभ्या आहेत, दगड हललेला नाही. माणसं दगडासारखी ठेवली तिथं बसत नाहीत, याचा मात्र त्यांना फार राग यायचा.

आमची वस्ती केदारखेड्यापासून कोसभर अंतरावर. बावीस घरं, सगळी ख्रिस्ती, आणि मधे मामांनीच बांधलेलं दगडी चर्च. पाळकसाहेब जालन्याहून महिन्यातून एकदा यायचे. बाकीचा कारभार मंडळीनं, म्हणजे चर्चच्या सभासदांनी, निवडून दिलेल्या पंचांकडे असायचा, त्यांना आम्ही वडील म्हणायचो, आणि मामा कित्येक वर्षं असे वडील होते. वर्षातून चारदा प्रभुभोजनाचा विधी व्हायचा. भाकर मोडून सगळ्यांनी एकेक तुकडा खायचा, पेल्यातला घोटभर रस प्यायचा. जालन्याहून पाव आणला तर तो येईपर्यंत दगड व्हायचा, म्हणून आमच्याकडे ज्वारीची पातळ भाकर आणि मनुका भिजवून काढलेला रस असे.

पण ती भाकर सगळ्यांना मिळत नसे. जुन्या गोऱ्या पाद्र्यांनी एक पद्धत घालून दिली होती. आदल्या दिवशी वडिलांनी घरोघर फिरून चौकशी करायची आणि जो लायक ठरेल त्याला शिशाचा एक लहानसा चौकोनी बिल्ला द्यायचा. रविवारी तो बिल्ला ताटलीत टाकला तरच भोजनाला बसायचं. जालन्याच्या मोठ्या चर्चमध्ये ही चाल कधीच बंद पडली होती. आमच्याकडे ती टिकली ती मामांमुळे. शनिवारी ते कमरेला बिल्ल्यांची पिशवी लावून निघाले, की बायका पोरांना गप्प करायच्या आणि पुरुष तोंड धुऊन घ्यायचे. कुणाशी भांडलास का, दारू घेतलीस का, जत्रेला गेल्तास का, असे प्रश्न. उत्तर पटलं तर बिल्ला हातावर. नाही पटलं तर मामा काही न बोलता पुढच्या दाराला जायचे, आणि ते न बोलणं तीन महिने कानात वाजत राहायचं.

मामा असे का झाले, हे सांगितल्याशिवाय त्यांच्यावर राग धरणं बरोबर नाही. मी पुष्कळ वर्षं धरला, म्हणून सांगते. त्यांच्या लहानपणी घरचे अजून केदारखेड्याच्या महारवाड्यातच राहायचे. दिवसभर गावकीचं काम करायचं आणि दिवस कलला की माझ्या आजीनं पाटी घेऊन दारोदार फिरायचं. "भाकर वाढ वं माय," असं दारात ओरडायचं. एकदा कुणीतरी ओट्यावरून फेकलेली भाकर चिखलात पडली. आजीनं ती पदरानं पुसली आणि सहा वर्षांच्या पुंजारामाला दिली. त्यांनी ती खाल्ली, भूकच तशी होती. पुढे आजोबांनी बाप्तिस्मा घेतला, वस्ती झाली, मामा मिशनमध्ये गवंडीकाम शिकले. पहिल्या मजुरीची ज्वारी घरी आणून त्यांनी आजीची पाटी चुलीत घातली आणि सांगितलं की आता आपण कुणाचं फुकट खायचं नाही.

ते त्यांनी जन्मभर पाळलं. जेवायला बसण्याआधी ते आपले तळवे पालथे-उताणे करून बघायचे. चुना लागलेला दिसला, की मगच भाकरीला हात. रविवारी काम करणं पाप, म्हणून शनिवारी दीडपट दगड बसवायचे. रविवारची भाकर शनिवारीच कमवून ठेवायची, असा हिशोब होता. लहानपणी मला हे फार थोर वाटायचं.

मग अठ्ठेचाळीस साल आलं. निजामाचं राज्य जायची वेळ, रझाकारांची दहशत, पाठोपाठ पोलीस ॲक्शन. बाबा मनमाडला हमालीला गेलेले, गाड्या बंद, त्यांचा पत्ता नाही. मामा विहिरीच्या कामाला जालन्याला गेले ते तिकडेच अडकले. निम्मी वस्ती घरं सोडून पळाली होती, आणि उरलेल्यांच्या कणग्या आमच्यासारख्याच रिकाम्या. भाद्रपदात शेतात कुठली ज्वारी? आम्ही तीन दिवस अंबाडीचा पाला उकडून खाल्ला. चौथ्या दिवशी माझी आई, सगुणाबाई, मामांची धाकटी बहीण, माझ्या बहिणीला कडेवर घेऊन आणि मला बोटाला धरून केदारखेड्यात गेली. मी सात वर्षांची होते. पहिलं दार उघडलं नाही. दुसऱ्या दारात अर्धी शिळी भाकर मिळाली. तिसरं दार द्वारकाबाईंचं, त्या बऱ्यापैकी कुणब्याच्या घरातल्या.

त्या भाकरीची चव माझ्या तोंडात अजून आहे, म्हणून पुढचं सगळं मी बाहेरून बघितलेलं म्हणून सांगू शकत नाही.

मामा आश्विनात परत आले ते आमच्यासाठी पायलीभर ज्वारी घेऊन. आईनं त्यांना सगळं आपण होऊन सांगितलं. लपवणं तिच्या स्वभावात नव्हतं. मामांनी ज्वारी खाली ठेवली आणि पाणीसुद्धा न पिता गेले. नाताळच्या आधीच्या शनिवारी ते आमच्या दारात आले, तोवर मनमाडहून परतलेल्या बाबांना बिल्ला दिला आणि आईला म्हणाले, मंडळीपुढे उभी राहून 'चुकले' म्हण, मग देतो. आई म्हणाली की माझी पापं पुष्कळ आहेत, म्हणशील तितक्यांची कबुली देते, पण लेकरांसाठी भाकर मागितली ते चुकलं असं म्हणणार नाही. मामा पुढच्या दाराला गेले.

असं नऊ वर्षं चाललं. वर्षाचे चार शनिवार, छत्तीस वेळा तोच प्रश्न आणि तेच उत्तर. मधल्या काळात दोघं बोलायचे, सणावाराला जेवायचे, मामी वारल्या तेव्हा आईनंच सगळं केलं. पण शनिवारी ते वडील आणि ही दारातली बाई. आई दर आठवड्याला चर्चची जमीन शेणानं सारवायची. बिल्ला मिळावा म्हणून सारवते, असं वस्तीतल्या नंदाबाई म्हणायच्या. आईनं त्यांना ऐकवलं, की बिल्ल्यासाठी सारवायचं असतं तर पुंजारामच्या दारात सारवलं असतं. विधीच्या रविवारी मात्र ती मागच्या चटईवर, लायक न ठरलेल्यांत बसायची. मला तेव्हा देवाचा फार राग यायचा, आणि मामांचा त्याहून जास्त.

पंचावन्न साली धर्मराज नावाचे तरुण पाळकसाहेब आले. जालन्याच्या मास्तराच्या घरातले, तिसऱ्या पिढीचे ख्रिस्ती, सायकलवर यायचे आणि सुंदर बोलायचे. पहिल्याच उपदेशात त्यांनी सांगितलं, की देवाची कृपा म्हणजे मजुरी नाही, ती कमवता येत नाही, ती फुकट आहे. फुकट हा शब्द त्यांनी तीन-चारदा वापरला. उपासना संपल्यावर मामा त्यांना दारात गाठून म्हणाले, "पाळकसाहेब, बाकी समदं बराबर हाये. पण फुकट हा शब्द आमच्या वस्तीत नका काढू. फुकटचं खाऊ नये म्हणूनच आमी इथं आलो."

हे पाळकसाहेबांना कळणं कठीण होतं. मला वाटतं, त्यांच्या सात पिढ्यांचं माहीत नाही, पण मागच्या दोन पिढ्यांत तरी कुणी पाटी घेऊन फिरलेलं नव्हतं. त्यांनी बिल्ले बंद करायचं काढलं, तर मंडळी मामांच्या बाजूनं उभी राहिली. आईला ते म्हणाले की बिल्ल्याशिवाय या, मी भाकर देतो. आईनं तेही नाकारलं. दादाच्या हातून मिळाला तर घेईन, मागच्या दारानं घेणार नाही, म्हणाली. आमच्या घराण्यात हट्टाची वाटणी अगदी सारखी झालेली होती.

सत्तावन्न सालच्या माघात मामा धावड्याला एक विहीर बांधत होते. दगड उचलायला वाकले आणि तिथंच बसले. लकवा. उजवी बाजू गेली. दीड महिना ते जालन्याच्या दवाखान्यात होते. डॉक्टरांनी सांगितलं, की बोलणं सुधारेल, पण हातात थापी पुन्हा धरता येणार नाही. त्यांना मूल नव्हतं. आईनं बैलगाडी पाठवून त्यांना आमच्या घरी आणलं, ओसरीवर बाज टाकली, आणि पहिल्याच दिवशी भाकर-पिठलं समोर ठेवलं.

मामांनी डावा तळवा बघितला. त्याला चुना नव्हता. त्यांनी ताट सरकवलं.

दोन दिवस ते जेवले नाहीत. तिसऱ्या दिवशी आईनं त्यांच्यापुढे सूपभर भुईमुगाच्या शेंगा ठेवल्या आणि म्हणाली, मला वेळ नाही, एवढ्या फोडून ठेव. मामांनी डाव्या हातानं, दातानं, गुडघ्यात धरून शेंगा फोडल्या आणि मग भाकरीला हात लावला. तेव्हापासून तीच रीत पडली. आधी काम, मग घास. आई शेजारपाजारून शेंगा, तुरी, चिंचा गोळा करून आणायची. घरात खाणारी माणसं पाच आणि फोडलेले दाणे पन्नासांचे, असा प्रकार. मी चिडून म्हणायचे की हे सोंग कशाला? आई म्हणायची, जेवतोय ना, मग सोंग तर सोंग.

श्रावणात मामांना ताप आला. तो उतरला, पण डाव्या हातातली शक्ती घेऊन गेला. शेंग धरली की निसटायची. मग त्यांनी काम केलेल्या दिवशी खायचं आणि न झालेल्या दिवशी ताट परत पाठवायचं, असं धरलं. असे दिवस वाढत गेले. आश्विनात त्यांच्या बरगड्या मोजता यायला लागल्या. डॉक्टरांनी निरोप पाठवला, की याला औषध नको, अन्न पाहिजे, नाहीतर दिवाळी दिसणार नाही. पाळकसाहेब येऊन समजावून गेले. कृपेवर तासभर बोलले बिचारे. मामांनी सगळं शांतपणे ऐकलं आणि त्यांच्यासमोरही ताट परत केलं.

त्या महिन्यात प्रभुभोजन होतं. शनिवार उजाडला तेव्हा मामांच्या पोटात तीन दिवस पाण्याशिवाय काही नव्हतं. त्यांनी मला हाक मारली, उशाखालची पिशवी काढायला लावली आणि कुणाकुणाला बिल्ला द्यायचा ते एकेक नाव घेऊन सांगितलं. आवाज जड झाला होता, पण एक नाव चुकलं नाही.

"अन् तुमचा?" मी विचारलं.

"मला न्हाई."

"का?"

"सा महिने झाले. शेंगा फोडणं म्हंजे कमवून खाणं न्हाई."

मी सोळा वर्षांची होते आणि तोंडाळ होते. मी म्हटलं, मग आता तुम्ही आणि आई एकाच चटईवर बसा. बोलले आणि लगेच जीभ चावली. मामांनी मान फिरवली. तेवढ्यात आई ताट घेऊन ओसरीवर आली. तिनं सगळं ऐकलं होतं. ती बाजेशेजारी खाली बसली.

मग मामांनी तिला विचारलं, की त्या दिवशी तिसऱ्या दारात काय झालं होतं? नऊ वर्षांत त्यांनी हे कधी विचारलं नव्हतं. छत्तीस वेळा विचारलं ते फक्त, चुकलं म्हणतेस का?

आईनं सांगितलं. मी तिथं होते, म्हणून मीही सांगते. द्वारकाबाईंनी आम्हाला ओट्यावर घेतलं नाही, गोठ्यात बसवलं. पाणी वरून ओतलं. त्यांचे गोडवे गायला मी बसलेले नाही. पण त्या भाकरी घेऊन आल्या तेव्हा आईनं गोठ्यातला खराटा उचलला होता. तीही मामांचीच बहीण, फुकट खायची तिलाही लाज. आधी अंगण झाडते, म्हणाली. द्वारकाबाईंनी खराटा काढून घेतला आणि ताज्या दोन भाकरी फेकल्या नाहीत, वाकून पुढ्यात ठेवल्या.

"म्हणली, आधी जेव. लेकरं जेवू दे. काम मंग सांगते, काम कुठं पळून न्हाई चाललं," आईनं सांगितलं. "अन् जेवल्यावर सांगितलंही काम. गोठा काढला, अंगण झाडलं. पण दादा, ते भाकरीसाठी न्हाई झाडलं. भाकर तर पोटात गेल्ती. मला झाडावंसं वाटलं म्हणून झाडलं."

मामा आढ्याकडे बघत होते. "आपल्या आईला असं कुणी म्हणलं न्हाई," ते म्हणाले.

"न्हाई म्हणलं. म्हणून माझ्यासंगं कुणी म्हणलं ते खोटं व्हतं का?"

मामांच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. लकव्यानं एकच बाजू हलायची, त्यामुळे ते रडणं बघवत नव्हतं. मला त्या क्षणापर्यंत वाटायचं, की या माणसाला मी कधी क्षमा करणार नाही. ते सगळं कुठे गेलं कोण जाणे. मला नुसतं वाईट वाटत होतं.

"सगुणा, नऊ वर्सं तुला बाहेर बसवलं म्या," ते म्हणाले. "चुकलो."

"माफी मागून राह्यला का, दादा?"

"मागून राह्यलो."

"मंग तुला मागता येतंय की," आई म्हणाली आणि पदरानं त्यांचं तोंड पुसलं.

मामांनी डाव्या हातानं पिशवीतला एक बिल्ला चाचपून काढला आणि तिच्यापुढे धरला. ज्या बिल्ल्यासाठी ती नऊ वर्षं अडून बसली होती, तो समोर होता. आई म्हणाली, दोन काढ. मामांनी मान हलवली, माझा नको. मग माझाही नको, असं म्हणून आई उठली. त्या दिवशीही ताट तसंच परत गेलं, आणि मला रडू फुटलं.

सकाळी चर्चची घंटा झाली. मामांनी बाबांना बोलावून सांगितलं की चौघांना बोलवा, बाज उचलायची आहे. पिशवी घ्यायची का म्हणून मी विचारलं. राहू दे उशाशी, म्हणाले.

मामांची बाज पुढे, प्रभुभोजनाच्या मेजासमोर ठेवली. त्यांना टेकवून बसवायचं तर मागे कुणीतरी हवं, म्हणून आई त्यांच्या पाठीशी बसली. नऊ वर्षांत ती पहिल्यांदाच पुढे आली होती, आणि तिच्याकडे बघायची कुणाला हिंमत नव्हती. बिल्ल्यांची ताटली फिरली. लोकांनी आपापले बिल्ले टाकले. ताटली बाजेजवळ आली तेव्हा मामांनी काही टाकलं नाही, आईनंही नाही. ताटली धरणारे भुजंगकाका घुटमळले, पाळकसाहेबांकडे त्यांनी बघितलं, आणि पुढे गेले.

मग भाकर आली. विधीच्या वेळी आमच्याकडे कुणी तोंडातून शब्द काढत नाही, पोरंसुद्धा नाही. मामांचा डावा हात वर झाला, पण तुकडा धरता येईना. त्यांनी मान मागे वळवली आणि आईला म्हणाले. हळू म्हणाले असतील, पण त्या शांततेत मागच्या चटईपर्यंत ऐकू गेलं.

"भाकर वाढ वं माय."

आमच्या वस्तीतल्या म्हाताऱ्या माणसांनी ती हाक ओळखली. चुलीत घातलेल्या पाटीबरोबर गेली असं सगळ्यांनी धरलेली ती हाक होती, आणि ती पुंजारामाच्या तोंडून आली. कुणीतरी हुंदका दिला. आईनं भाकरीच्या ताटलीतला तुकडा मोडला. अर्धा मामांच्या तोंडात घातला आणि अर्धा आपल्या. पाळकसाहेब पुढचं वाक्य विसरले. तो त्यांचा सगळ्यांत चांगला उपदेश झाला, असं मी त्यांना पुढे सांगितलं, आणि ते हसले.

आमच्याकडे त्यानंतर बिल्ले निघाले नाहीत. मामा आणखी दोन वर्षं जगले. ते एकदम मऊ झाले असं कुणी समजू नये. कुणाची भिंत कलली, कुणाचा नवरा कलला, हे बाजेवरून सांगायचं त्यांनी सोडलं नाही. कृपा फुकट असते की नाही, यावर पाळकसाहेबांशी ते शेवटपर्यंत वाद घालायचे आणि फुकट हा शब्द त्यांना शेवटपर्यंत आवडला नाही. माझंही या बाबतीत अजून पक्कं ठरलेलं नाही. मी फक्त त्या दिवशी दुपारी काय बघितलं ते सांगू शकते.

चर्चमधून आल्यावर आईनं भाकर आणि अंबाडीची भाजी त्यांच्यापुढे ठेवली. मामांनी डावा हात पुढे केला. तळवा बघितला नाही. आई भरवत गेली आणि ते खात गेले, एक भाकर पुरी संपली. मग पाणी प्यायले, मिशी पुसली आणि सवयीप्रमाणे सुपाकडे बघितलं.

"सांग आता, काय काम हाये," म्हणाले.

"आज रविवार हाये, दादा," आई म्हणाली. "आज काम न्हाई."

मामांनी मनातल्या मनात हिशोब केला. काल शनिवारीही त्यांच्या हातून काही झालेलं नव्हतं, हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक असणार?

"मंग अजून अर्धी वाढ," ते म्हणाले.